नासाकोटर अस्थिभंग (आघातविरहित)

मार, पडझड किंवा अपघात झालेला नसताना नाकाभोवतीच्या हवेच्या पोकळ्यांच्या, म्हणजे नासाकोटरांच्या, भिंती भंगणे. जोरात नाक शिंकरल्याने डोळ्याच्या खोबणीलगतचा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ हाडाचा पडदा क्वचित फुटतो. हवा खोबणीत शिरून पापणी सुजते, दाबली की त्वचेखाली चुरचुर जाणवते. बहुधा ही हवा काही दिवसांत आपोआप जिरते. कर्करोग व जुनाट जंतुसंसर्ग यांनीही हाड पोखरले जाते.

मराठवाड्यात हा विषय घरोघरी पोचला तो २०२१ मध्ये. करोनाच्या दुसऱ्या लाटेत औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) घाटी रुग्णालयात आणि खासगी इस्पितळांत म्युकरमायकोसिसचे, लोकांच्या तोंडी ‘काळ्या बुरशी’चे, रुग्ण येऊ लागले. त्यांत अनियंत्रित मधुमेह असलेले आणि स्टेरॉईड घेतलेले बरेच होते. ही बुरशी, बहुतेकदा ऱ्हायझोपस, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरते. गुठळी होऊन रक्तपुरवठा तुटतो. हाड आधी मरते, मोडते नंतर. गाल बधिर होतो, टाळूवर काळा चट्टा दिसतो, वरचे दात हलू लागतात. दंतवैद्याने एक दात धरून हलवला, तर शेजारच्या दातांसह वरच्या जबड्याचा तुकडाच हलतो. अशा वेळी ‘कुठे पडलात का?’ यापेक्षा ‘साखर किती आहे?’ हा प्रश्न कामाचा.

सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये हाड शाबूत दिसू शकते, म्हणून निव्वळ त्यावर विसंबणे धोक्याचे. निदान पक्के होते ते काढलेल्या ऊतीच्या तपासणीत.

नेहमीच्या अस्थिभंगासारखी पट्टी-स्क्रू लावून इथे भागत नाही. मेलेल्या हाडात रक्त नाही, त्यामुळे औषधही पोचत नाही; ते हाड काढावेच लागते. जोडीला अँफोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक इंजेक्शन. त्या उन्हाळ्यात याच इंजेक्शनची इतकी टंचाई झाली, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याच्या पुरवठ्याबाबत सरकारला जाब विचारला. राज्याने या आजाराचे उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतले.

टाळूचे हाड गेल्यावर प्यालेले पाणी नाकातून येते आणि बोलणे गेंगाणे होते. त्यासाठी दातांच्या कवळीसारखी, टाळूचे भोक बुजवणारी प्लेट बसवतात. जखम भरेल तशी पोकळी आकार बदलते, म्हणून ही प्लेट पुन्हा पुन्हा नव्याने करावी लागते. पुढे काहींना गालाच्या हाडात इम्प्लांट रोवून पक्के दात देता येतात.