वचन नक्की कोणाला द्यायचे?



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त आहे आमच्या ताईचे. ताई मराठवाड्यातल्या एका गावी शाळेत शिकवते, हे घरच्यांना माहीत आहेच. शाळेतले गाईडचे पथक तिच्याकडे आणि स्काऊटचे तिच्या सहकारी सरांकडे आहे. दोन्ही मिळून तीसेक मुलं, चार संघ. त्यांच्यासाठी 'राष्ट्र आणि नागरिक' या विषयावर तीन रविवारचे उपक्रम बसवायचे होते. तिने मला फर्मावले, "तू इतिहासाची पुस्तकं चाळत बसतोस ना, मग काहीतरी सुचव. पण भाषण नको, मुलं उन्हात झोपतात."

मी स्वतः कधी स्काऊट नव्हतो. माझ्या डोक्यात स्काऊट म्हणजे गळ्यातला स्कार्फ, दोरीच्या गाठी आणि 'खरी कमाई'चे कार्ड घेऊन दारात उभी राहिलेली मुलं, एवढेच. पण वाचायला घेतले आणि लक्षात आले, की नागरिकत्व शिकवायला बाहेरून काही आणायची गरजच नाही. आपल्या देशातल्या स्काऊट चळवळीचा इतिहास हाच नागरिकत्वाचा धडा आहे, आणि तो चांगलाच टोचणारा आहे.

सुरुवात सगळ्यांना माहीत असते. बेडन-पॉवेल नावाचा इंग्रज सेनाधिकारी. तरुणपणी, १८७६ साली, तो लखनौच्या छावणीत दाखल झाला होता. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगच्या वेढ्यात त्याने नाव कमावले. १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्याने इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर घेतले. मला यात सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे मुलांची निवड. निम्मी मुलं ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली होती, बाकीची साध्या कामकरी घरांतली. त्यांचे चार संघ केले आणि संघात ही मुलं मुद्दाम मिसळली. स्वयंपाक, पहारा, झोपणे सगळे एकत्र. वर्गभेद रक्तात भिनलेल्या त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही लहान गोष्ट नव्हती. दुसऱ्या वर्षी त्याचे पुस्तक आले, त्याच्या उपशीर्षकातच 'चांगल्या नागरिकत्वाचे शिक्षण' हे शब्द होते.

म्हणून ताईला पहिली सूचना केली, की संघ नव्याने पाड. एका वाडीची मुलं एका संघात, एका गल्लीतली दुसऱ्यात असे नको. एवढे केले तरी अर्धा विषय न बोलता शिकवून होईल.

आता आपल्याकडची कथा. १९०९ मध्ये कॅप्टन बेकर यांनी बंगळूरला पहिले पथक काढले. पुढच्या एक-दोन वर्षांत जिथे पथके निघाली त्या गावांत शिमला, मद्रास, जबलपूर यांच्याबरोबर आपली खडकी आणि लोणावळाही आहेत. पण ही पथके फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. खडकीतल्या एखाद्या मराठी पोराने कुंपणाबाहेरून ही कवायत पाहिली असेल, तर ती बाहेरूनच. सरकारला धास्ती होती, की हिंदी पोरांना माग काढणे, खुणांनी निरोप देणे, टोळीने काम करणे शिकवले, तर उद्या ही विद्या आपल्यावरच उलटेल.

मग आपल्या लोकांनी आपापल्या चुली मांडल्या. शहाजहानपूरला श्रीराम बाजपेयींनी १९१३ च्या सुमारास स्वतःचे पथक उभे केले. मद्रासला ॲनी बेझंट आणि अरुंडेल यांनी १९१६ मध्ये हिंदी मुलांसाठी वेगळी संघटना काढली. डोक्याला हॅट नाही, फेटा! अलाहाबादला १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभारली. यात्रेकरूंची सेवा हे सेवा समितीचे मूळ काम. म्हणजे बघा, ज्यांना 'साम्राज्याचे नागरिक' म्हणून दारात घेतले नाही, त्यांनी गर्दीत चुकलेली म्हातारी माणसं शोधून देत नागरिकत्व गिरवले.

यातल्या कुंझरूंबद्दल थोडे अधिक, कारण हा माणूस आपल्या जवळचा निघाला. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य, आणि १९३६ पासून अध्यक्ष. पुढे ते घटना समितीतही होते. आणि आमच्या आजोबांच्या पिढीला त्यांचे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक होते. राज्य पुनर्रचना आयोगाच्या तीन सदस्यांतले हे एक. त्या आयोगाने १९५५ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवला, आणि मग संयुक्त महाराष्ट्रासाठी जे रान पेटले ते सर्वज्ञात आहे. (मामा हे वाचून नक्की फोन करणार!) असो.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल इथे आले. त्या सुमारास बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत सामील झाली. सेवा समिती मात्र वेगळीच राहिली. कळीचा प्रश्न होता वचनाचा. स्काऊट होताना जे वचन घ्यायचे त्यात ईश्वराबरोबर राजाप्रती कर्तव्य होते. राजा कुठला, तर लंडनचा. १९३७ मध्ये बेडन-पॉवेल पुन्हा येऊन गेले, आणि भारतीयांच्या चारित्र्याबद्दल त्यांनी काढलेल्या उद्गारांवरून इथे संतापाची लाट उठली. १९३८ मध्ये हिंदुस्तान स्काऊट असोसिएशन उभी राहिली.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा अशी परिस्थिती होती, की देश एक आणि स्काऊट संघटना अनेक. मौलाना आझादांच्या शिक्षण खात्याने पुढाकार घेतला आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स अँड गाईड्सची स्थापना झाली. गाईडच्या मुली १५ ऑगस्ट १९५१ रोजी त्यात आल्या. कुंझरू पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले. वचनातून राजा गेला, देश आला. आणि ज्याला 'ईश्वर' म्हणायचे नसेल त्याने 'धर्म' म्हणावे, अशी मोकळीकही ठेवली गेली. हे मला फार मोलाचे वाटते. बारा वर्षांच्या पोराला संघटना सांगते आहे, की बाबा रे, वचन तुझे आहे, तर शब्दही तुला पटणारा असू दे.

यावरून दुसरा उपक्रम सुचला. चार संघांना चार संघटना करायचे. एक बेडन-पॉवेलवाली, एक फेटेवाली, एक सेवा समितीवाली आणि एक १९३८ वाली. (बेझंटबाईंची आधीच मिसळली होती, हे मुलांना सांगायचे, पण खेळात तिला जागा द्यायची.) प्रत्येकाला आपला इतिहास अर्ध्या पानात द्यायचा. तासाभरात चौघांनी मिळून एकच नाव, एकच गणवेश आणि एकच वचन ठरवायचे. अट एकच: बहुमताने कोणाला दाबायचे नाही, शेवटचा संघ पटून 'हो' म्हणाला पाहिजे.

इथे मला एक गोष्ट खटकली, तीही लिहितो. स्काऊटची भाषा सगळी कर्तव्याची आहे. सेवा, शिस्त, आज्ञापालन. वाईट काहीच नाही. पण नागरिकाला हक्कही असतात, ते कोण शिकवणार? आपल्या राज्यघटनेत २६ जानेवारी १९५० ला मूलभूत हक्क होते, मूलभूत कर्तव्यांची यादी नव्हती. दहा कर्तव्ये १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आली, अकरावे २००२ मध्ये. शाळेत मात्र बहुतेक वेळा कर्तव्यांचा तक्ता आधी पाठ होतो. ज्या मुलाला आपला हक्क माहीत नाही, त्याच्या तोंडी कर्तव्य म्हणजे नुसती आज्ञा होते.

म्हणून तिसऱ्या रविवारसाठी पहिली निवडणूक घेतली, १९५१-५२ ची. तेव्हा देशात शंभरातली जेमतेम अठरा माणसं साक्षर. म्हणून मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. पण त्या निवडणुकीतली एक हकिगत मला अस्वस्थ करते. मतदार याद्या करताना कित्येक बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, बस्स. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले, की नाव हवे. शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळली. हक्क कागदावर होता, पण तो घ्यायला नावच पुढे आले नाही.

यावर उपक्रम असा. स्काऊटमध्ये 'किम्स गेम' असतो, चोवीस वस्तू मिनिटभर बघायच्या आणि झाकल्यावर आठवून लिहायच्या. वस्तूंऐवजी घरातल्या कागदांच्या झेरॉक्स ठेवायच्या. रेशनकार्ड, सातबारा, घरपट्टीची पावती, मतदार ओळखपत्र, बोनाफाईड, पोस्टाचे पासबुक. लिहून झाले की विचारायचे, कोणता कागद कुठल्या कचेरीत मिळतो? आणि मग, यातल्या कितींवर आईचे नाव आहे? (आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लावायचा निर्णय झाला आहे. तोपर्यंतचा हिशेब मुलांनीच मांडावा.)

शेवटी मतदान. चार डबे, चार चिन्हे, शाई. पण एका संघाला मैदानाच्या पार टोकाला पाचटाचे भारे वाहायला पाठवायचे, आणि शिट्टी झाल्यावर दहा मिनिटांत मतदान बंद. हा संघ येऊन पोचत नाही. ताईच्या शाळेत ऊसतोड कामगारांची मुलं आहेत. दिवाळीच्या आसपास त्यांची घरे रिकामी होतात. यादीत नाव असते, माणूस फडावर असतो.

ताईने तिन्ही रविवार घेतले. एकत्रीकरणाच्या खेळात म्हणे गणवेशावर चाळीस मिनिटे भांडण झाले आणि वचन पाच मिनिटांत ठरले. मतदानाच्या खेळात भारे वाहणारा संघ धापा टाकत आला तेव्हा पेट्या बंद झाल्या होत्या. एक मुलगी चिडली नाही, नुसती म्हणाली, "आमच्या घरी असंच होतं." मग बाकीच्या तीन संघांनी आपणहून चर्चा सुरू केली. पेटी मैदानाच्या त्या टोकाला नेता येईल का? वेळ वाढवता येईल का? भारे आम्ही धरतो, तुम्ही मत टाकून या? दुसऱ्यांदा मतदान झाले ते तिसऱ्या उपायाने.

ताई म्हणाली, त्या दिवशी 'कर्तव्य' हा शब्द तिने एकदाही उच्चारला नाही.

मला वाटते, १९०९ ते १९५० या चाळीस वर्षांचा सारही तोच आहे. कोण कुंपणाबाहेर उभे आहे हे आधी बघायचे, आणि मग नियम बदलायचा की भारा उचलायचा ते ठरवायचे. वचन राजाला की देशाला, हा वाद १९५० मध्ये मिटला. देश म्हणजे त्या मैदानाच्या टोकावरची मुलंसुद्धा, हे मात्र प्रत्येक पथकाला नव्याने शिकावे लागते.

तुमच्यापैकी कोणी शाळेत स्काऊट-गाईड होते का? तुमच्या वेळी काय शिकवले होते, जरूर कळवा. आणि ताईला पुढच्या वर्षीसाठी नवे उपक्रम हवे आहेत. फुकट सल्ले चालतील.