जुन्या टेलिफोनचे कूळ

पनवेल तालुक्यातल्या गव्हाणसारख्या खाडीकाठच्या गावात, एखाद्या घराच्या माळ्यावरून जुना टेलिफोन खाली आला, तर मुले आधी काय करतील? रिसीव्हर कानाला लावतील आणि 'हॅलो' म्हणतील. पलीकडून अर्थातच कोणी बोलणार नाही. मग थोरल्यांपैकी कोणीतरी म्हणेल, "मुंबईला चोरबाजारात जाऊन दोन भाग आणले की झाले." भाग मिळतातही, पण पुष्कळदा ते बसवूनसुद्धा यंत्र मुकेच राहते. असे का होते, हे इतिहास पाहिल्यावाचून कळत नाही.

ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले १८७६ साली. त्यानंतर सहाच वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ रोजी, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे सुरू झाली. ती खासगी कंपन्यांच्या हाती होती; सरकारने ती ताब्यात घेतली १९४३ साली. बंगळूरचा इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना १९४८ चा. त्याआधीची यंत्रे बहुतेक विलायतेहून आलेली. म्हणूनच त्यांच्या स्क्रूचे आटेसुद्धा निराळे. आजचा मिलिमीटरच्या मापाचा स्क्रू तिथे जबरदस्तीने पिळला, की पितळेतले मूळचे आटे कायमचे गेले म्हणून समजा.

आता कुळे पाहू. पहिले कूळ दांड्याच्या फोनचे. ह्याच्या पोटात चुंबकांमध्ये फिरणारे एक छोटे जनित्र असते. दांडा फिरवला की सत्तर व्होल्टच्या पुढे वीज निघते आणि दुसऱ्या टोकाची घंटा वाजते. (तारेला बोट लावून पाहू नये, बरे का!) घंटेची वीज अशी, बोलण्याची मात्र वेगळी. ती फोनजवळच ठेवलेल्या दोन सेलांतून, म्हणजे सुमारे तीन व्होल्टची. दुसऱ्या कुळाला स्वतःचे सेल नसतात. त्याला वीज केंद्रातून, त्याच दोन तारांवरून मिळते, आणि ती असते सुमारे ५० व्होल्टची. तीन व्होल्टवर पोसलेल्याच्या आतली कॉइल ५० व्होल्टवाल्याला कशी चालावी? बाहेरून दोन्ही फोन भावाभावांसारखे दिसतात, आणि फसगत होते ती इथेच.

तिसरे कूळ डायलचे. अमेरिकेतल्या स्ट्राउजर नावाच्या गृहस्थाला आपोआप जोडणाऱ्या केंद्राचे पेटंट १८९१ साली मिळाले. हा गृहस्थ प्रेतांच्या अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करी, आणि केंद्रातली बाई आपली गिऱ्हाइके दुसऱ्याकडे वळवते असा त्याला संशय होता, असे सांगतात. संशयातून एवढे मोठे यंत्र निघाले! डायलवर सात फिरवून बोट सोडले, की चकती परतताना वीज सात वेळा तुटते; शून्याला दहा वेळा. हे तुटणे सेकंदाला सुमारे दहा ह्या वेगाने व्हावे लागते. तेल घट्ट होऊन चकती रेंगाळली की नंबर चुकतो. तिथे नवा भाग नको, नुसती नीट सफाई हवी.

आपल्या भागात ह्या सगळ्यात आणखी एक भर, खारी आणि दमट हवा. ताक पितळेच्या भांड्यात कळकते, तसे हे पितळेचे जोड हिरवे पडतात. बोलण्याच्या डबीत कोळशाच्या बारीक कण्या असतात. आवाजाने त्या दाबल्या-सैलावल्या जातात आणि वीज कमीजास्त होते. पावसाळ्यात मिठाचे खडे धरतात, तशा ह्या कण्याही धरतात. हलक्या हाताने डबी ठोकली तर कधी कधी सुटतात. डबी बदलायचीच असेल, तर नुसते व्यासाचे माप पाहून भागत नाही. मागचे संपर्क कुठे टेकतात तेही जुळले पाहिजे.

काहीजण आत आजची इलेक्ट्रॉनिक डबी घालतात. आवाज स्वच्छ येतो, नाही असे नाही. पण तो त्या यंत्राचा आवाज नव्हे. वर विलायती छाप आणि पोटात तीन फोनांचे अवयव, असे 'अँटिक' विकत घेऊन शाळेच्या कपाटात ठेवले, तर मुले खोटा इतिहास शिकतील, असे मला वाटते.

आजच्या फायबरच्या जोडणीवर डायलचा फोन लावला, तर घंटा बहुधा वाजेल आणि बोलताही येईल. पण पुष्कळ उपकरणांना डायलची तुटक वीज कळत नाही. मध्ये स्पंदांचे सुरांत रूपांतर करणारी छोटी पेटी लावावी लागते. दांड्याच्या फोनला मात्र ह्या कशाचीच गरज नाही. एकाच कुळाचे दोन फोन, चार सेल आणि दोन पदरी तार एवढे असले, की केंद्रावाचून शाळेच्या दोन खोल्या एकमेकींशी बोलू शकतात. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. काढलेला भाग टाकू नये. तो डबीत ठेवून कोणता, कधी आणि का काढला ते चिठ्ठीवर लिहावे, आणि ती डबी फोनच्याच कप्प्यात ठेवावी.