शिक्षणहक्काची लांबलेली सुनावणी

नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर महाराष्ट्रातील असंख्य पालकांचे लक्ष एका ऑनलाइन सोडतीकडे लागलेले असते. खासगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशवर्गाच्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील बालकांना देण्याची तरतूद शिक्षणहक्क कायद्यात आहे. अर्ज जागांहून अधिक आले की सोडत काढली जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने काढलेल्या एका अधिसूचनेमुळे ही वाट बव्हंशी बंद होण्याची वेळ आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती पुन्हा मोकळी केली.

मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आयोग, कायदेमंडळ किंवा न्यायासन यांच्यापुढे येण्याची ही पहिली वेळ नव्हती. गेल्या सुमारे दीडशे वर्षांत तो वारंवार सुनावणीस आला आहे. मुलाने शिकावे, याला उघड विरोध क्वचितच झाला. खरा वाद प्रत्येक वेळी झाला तो या शिक्षणाचा खर्च कोणी सोसायचा, यावर.

हंटर आयोगापुढील मागणी

या वादाची पहिली ठळक नोंद १८८२ मधील आहे. विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी लेखी निवेदन सादर केले. सरकारी तिजोरी प्रामुख्याने शेतकऱ्यांच्या श्रमांतून भरते. शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. आयोगाने ती स्वीकारली नाही.

ब्रिटिश अमदानीत जे घडले नाही, ते दोन संस्थानांनी करून दाखवले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानास लागू केला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले.

दरम्यान नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते अतिशय सावध होते. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलग्यांपुरती सक्ती, तीही जेथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच, आणि निर्णय स्थानिक संस्थांच्या हाती. खर्चासाठी या संस्थांना शिक्षणकर बसवण्याची मुभा होती. तरीही मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले गेले. पुढे विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांतून १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात नगरपालिकांच्या क्षेत्रापुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला.

दहा वर्षांची मुदत

स्वातंत्र्यानंतर घटनाकारांनी हा विषय अनुच्छेद ४५ मध्ये घेतला. घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत, चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे त्यात म्हटले होते. मात्र हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात असल्याने त्याच्या पूर्ततेसाठी न्यायालयात दाद मागता येत नव्हती. ही मुदत १९६० मध्ये उलटून गेली.

कोंडी फुटली ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या शुल्कावरून. कर्नाटकातील एका खासगी महाविद्यालयात सरकारी कोट्यातील विद्यार्थ्याला वर्षाला २ हजार रुपये शुल्क होते, तर राज्याबाहेरील विद्यार्थ्याकडून ६० हजार रुपयांपर्यंत रक्कम घेण्यास परवानगी होती. ‘मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. कोणत्याही पातळीवरील शिक्षणाचा असा हक्क राज्याला परवडणार कसा, हा प्रश्न लगेच उपस्थित झाला. १९९३ मध्ये ‘उन्नीकृष्णन’ खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्याला मर्यादा घातली. चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्यापुढील शिक्षणाचा हक्क राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या अधीन राहिला.

घटनादुरुस्ती आणि कायदा

न्यायालयाने मान्य केलेला हा हक्क घटनेच्या शब्दांत येण्यास आणखी नऊ वर्षे लागली. डिसेंबर २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली. अनुच्छेद ‘२१ क’ अन्वये सहा ते चौदा वयोगटातील बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. आपल्या पाल्यास शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्यही ठरले. मात्र सहा वर्षांखालील मुले या हक्काबाहेर राहिली. ‘उन्नीकृष्णन’ निकालात खालची वयोमर्यादा नव्हती, याकडे शिक्षणतज्ज्ञांनी तेव्हाच लक्ष वेधले होते.

अंमलबजावणीचा कायदा संसदेने २००९ मध्ये संमत केला आणि घटनादुरुस्तीसह तो १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्यातील पालकांच्या दृष्टीने महत्त्वाच्या तरतुदी अशा :

* प्रवेशासाठी देणगी घेण्यास बंदी. तसे केल्यास देणगीच्या दहापटीपर्यंत दंड.
* प्रवेशावेळी बालकाची वा पालकांची मुलाखत किंवा चाचणी घेण्यास मनाई. पहिल्या उल्लंघनास २५ हजार, त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनास ५० हजार रुपयांपर्यंत दंड.
* वयाचा दाखला नाही या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही.
* शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर बंदी.
* खासगी विनाअनुदानित शाळेत प्रवेशवर्गाच्या किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांतील बालकांना मोफत.

शेवटच्या तरतुदीपोटी सरकार शाळेला प्रतिपूर्ती देते. सरकारचा प्रतिविद्यार्थी खर्च आणि शाळेचे प्रत्यक्ष शुल्क यांपैकी जी रक्कम कमी असेल, ती शाळेला मिळते. महाराष्ट्रात अनेक वर्षे ही मर्यादा १७ हजार ६७० रुपये होती. ही रक्कम वेळेवर मिळत नसल्याची तक्रार संस्थाचालकांच्या संघटना सातत्याने करीत आल्या आहेत.

शाळांचे आव्हान

खासगी शाळांनी या तरतुदीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १२ एप्रिल २०१२ रोजी तीन सदस्यीय पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा वैध ठरवला. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तेवढ्या वगळण्यात आल्या. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांनी भिन्नमत नोंदवले. शिक्षण देण्याचे घटनात्मक दायित्व राज्याचे आहे, ते विनाअनुदानित शाळांवर लादता येणार नाही, असे त्यांचे मत होते. गोखल्यांच्या काळातला प्रश्नच येथे नव्या रूपात उभा राहिला होता.

६ मे २०१४ रोजी ‘प्रमती’ खटल्यात घटनापीठाने अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. या निकालाच्या अचूकतेविषयी १ सप्टेंबर २०२५ रोजी द्विसदस्यीय खंडपीठाने शंका व्यक्त केली आणि मोठ्या पीठाच्या विचारार्थ हा विषय सरन्यायाधीशांपुढे ठेवण्याचा आदेश दिला.

एक किलोमीटरचा नियम

महाराष्ट्रातील अलीकडचा वाद अंतरावरून झाला. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्याने आपल्या नियमांत बदल केला. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला २५ टक्के जागा देण्याच्या बंधनातून सूट मिळाली. शहरांत एक किलोमीटरच्या आत महापालिकेची वा अनुदानित शाळा नाही, असे ठिकाण विरळाच. त्यामुळे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत या जागा जवळजवळ नाहीशा होणार, हे उघड होते. जवळ सरकारी शाळा असताना खासगी शाळेच्या शुल्काचा भार सरकारने का उचलावा, हा त्यामागील विचार होता.

उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी या बदलास स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. कायद्याने घातलेले बंधन नियम करून काढून घेता येत नाही. २५ टक्के जागांचे दायित्व जवळ सरकारी शाळा आहे की नाही यावर अवलंबून नाही, असे या निकालाचे सार आहे. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेपास नकार दिला. खासगी शाळांत दुर्बल घटकांतील मुले शिकली, तर तेथील इतर विद्यार्थ्यांनाही देशाची खरी ओळख होईल, अशा आशयाचे मत पीठाने या वेळी व्यक्त केले.

निकाल पालकांच्या बाजूने लागला, तरी वेळ गेलाच. अंतिम निकाल जुलैत आला तेव्हा शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. नियमबदल आणि स्थगिती यांमधल्या काळात काही शाळांनी या जागांवर इतर मुलांना प्रवेश दिले होते, त्यांचाही प्रश्न उभा राहिला. ते प्रवेश न्यायालयाने कायम ठेवले. त्यांचा दोष नसताना दोन्हीकडची मुले या गोंधळात सापडली होती.

उरलेले प्रश्न

कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंत आहे. २५ टक्के कोट्यातून पहिलीत आलेला विद्यार्थी नववीत गेला की शुल्काचा भार पालकांवर येतो. महाराष्ट्राच्या नियमांत दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये ठेवण्यात आली होती. अशा घरातील विद्यार्थ्यास दहावीच्या तोंडावर शाळा बदलावी लागू शकते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते अठरा या वयोगटाचा विचार मांडला, परंतु धोरणाच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. त्यासाठी कायद्यातच वयाची मर्यादा वाढवावी लागेल आणि तसा प्रस्ताव येईल तेव्हा संसदेपुढे पहिला प्रश्न पुन्हा निधीचाच असेल.

शिक्षणहक्काच्या आजवरच्या वाटचालीत एक गोष्ट स्पष्ट दिसते. आयोगाला, कायदेमंडळाला आणि न्यायालयाला थांबता येते. वर्षे गेली तरी प्रकरण जिवंत राहते. सहा वर्षांच्या मुलाचे पहिलीचे वर्ष मात्र कोणत्याही आदेशाने परत आणता येत नाही.