सहा आठवडे खटला चालला, मग कोर्टात बोलले काय?

गेल्या आठवड्यात आमच्या विभागातली एक ज्युनियर वैतागून माझ्या टेबलापाशी आली. ती सध्या पेटची तयारी करतेय आणि सोबत स्वतःच्या गावच्या आठवडी बाजारावर सिनॉप्सिस लिहितेय. पुण्याच्या पुराभिलेखागारात तिला मोडीतला एक कागद सापडला. गॅझेटियरमध्ये बाजार सुरू झाल्याचं जे साल दिलंय, त्याच्या बऱ्याच आधी तिथे बाजार भरत होता असं त्या कागदावरून दिसतं. तिने काय केलं, तर एका ऑनलाइन ज्ञानकोशात खातं उघडलं, गावाच्या लेखातलं साल बदललं आणि 'मूळ कागद मी स्वतः पाहिला आहे' अशी नोंद टाकली. तासाभरात जुनं साल परत जागेवर! कारण दिलं होतं, 'संदर्भ नाही'.

"ताई, मूळ कागद म्हणजे संदर्भ नाही? मग गॅझेटियर काय आकाशातून पडलं?"

राग रास्त होता. पण तिचा प्रश्न याआधी एका पूर्णवेळ इतिहासकारालाही पडून गेलाय, आणि त्याच्या हातात तर छापलेला शोधनिबंधसुद्धा होता. तिला सांगितलेली ती गोष्ट तुम्हालाही सांगते. संशोधनाला लागण्याआधी ती माहीत असलेली बरी.

शिकागो, १८८६

१ मे १८८६ रोजी आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी अमेरिकेत ठिकठिकाणी कामगार संपावर गेले. ३ मेला शिकागोतल्या मॅकॉर्मिक कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळीबार केला. त्याच्या निषेधार्थ ४ मेच्या संध्याकाळी हेमार्केट चौकाजवळ सभा झाली. सभा संपत आली असताना पोलिसांची तुकडी आली आणि कोणीतरी बॉम्ब टाकला. तो कोणी टाकला हे आजतागायत ठरलेलं नाही. त्या रात्रीच्या जखमांनी सात पोलीस गेले, कामगारही मेले.

आठ अराजकवाद्यांवर खटला चालला आणि आठही जण दोषी ठरले. ११ नोव्हेंबर १८८७ ला चौघांना फाशी झाली. एकाने आदल्याच दिवशी कोठडीत जीव दिला होता. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये गव्हर्नर जॉन आल्टगेल्ड यांनी माफी दिली. ज्युरी ठरवून निवडली होती आणि न्यायाधीश पक्षपाती होते, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. आपण १ मेला कामगार दिन पाळतो त्याच्या मुळाशी हे सगळं आहे.

तेव्हापासून पुस्तकांतून एक वाक्य फिरत राहिलं: सरकारी पक्षाने आरोपींचा बॉम्बशी संबंध दाखवणारा कोणताही पुरावा मांडला नाही.

वर्गातला एक प्रश्न

२००१ साली टिमोथी मेसर-क्रूझ हा अमेरिकन प्राध्यापक कामगार इतिहासाचा वर्ग घेत होता. पाठ्यपुस्तकात जवळपास हेच वाक्य होतं. एका विद्यार्थिनीने हात वर करून विचारलं की खटला सहा आठवडे चालला आणि पुरावा काहीच नव्हता, तर मग इतके दिवस कोर्टात बोलले काय?

आपल्यापैकी किती जणांनी हा प्रश्न विचारला असता? मी तरी नसता विचारला. मी वाक्य अधोरेखित करून पुढे गेले असते.

मेसर-क्रूझने पुढची कित्येक वर्षं या प्रश्नात घातली. त्याने खटल्याचं शब्दशः नोंदवलेलं कामकाज वाचलं. त्याच्या सांगण्यानुसार ११८ साक्षीदार तपासले गेले होते. गुप्त बैठकांबद्दल, बॉम्ब तयार करण्याबद्दल साक्षी झाल्या होत्या. एका आरोपीकडे सापडलेल्या बॉम्बचा धातू आणि मृत पोलिसाच्या अंगातून काढलेला तुकडा यांची रासायनिक तुलनासुद्धा कोर्टापुढे आली होती. तो पुरावा खरा होता का, पुरेसा होता का, हे वेगळे प्रश्न. पण 'मांडलाच नाही' हे विधान टिकत नव्हतं.

२००९ च्या सुमारास त्याने पाहिलं, तर विकिपीडियावरच्या हेमार्केटच्या लेखात तेच वाक्य! त्याने ते काढलं आणि कारणही सविस्तर लिहिलं. काही मिनिटांत वाक्य परत आलं. विश्वासार्ह संदर्भ द्या, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने कोर्टाच्या नोंदी दाखवल्या, ज्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येत होत्या, आणि स्वतःचा तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंधही दाखवला. उत्तर आलं की बहुसंख्य लेखक जे म्हणतात ते काढून अल्पमत तिथे बसवता येणार नाही. पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा मूळ कागद चालत नाहीत, प्रकाशित पुस्तकं हवीत असं कळलं. तिसऱ्या खेपेला त्याचं संपादन 'संभाव्य उत्पात' म्हणून उलटवलं गेलं. उत्पात म्हणजे तिथल्या भाषेत मुद्दाम केलेली नासधूस. संपादकांनी एवढी तडजोड मात्र केली की 'पुरावा'च्या आधी 'विश्वासार्ह' हा शब्द घातला.

तो थांबला. २०११ मध्ये त्याचं खटल्यावरचं पुस्तक आलं. आता तरी पाय टेकायला जागा मिळाली म्हणून त्याने एक छोटीशी दुरुस्ती केली, तीही पाच मिनिटांत गेली. एका संपादकाने त्याला समजावलं ते असं: एक सोडून सगळे इतिहासकार म्हणत असतील की १८८८ मध्ये आकाश हिरवं होतं, तर आम्ही तसंच लिहिणार, आणि पुढे जोडणार की एक जण ते निळं होतं म्हणतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये मेसर-क्रूझने हा सगळा प्रकार 'क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन'मध्ये लिहिला आणि बराच गाजावाजा झाला.

इथे माझी ज्युनियर म्हणाली, "म्हणजे नियमच मूर्ख आहेत!" मी म्हटलं, थांब. नियमांनाही इतिहास असतो, तो आधी बघू.

हे नियम आले कुठून?

विकिपीडियाच्या आधी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० मध्ये न्यूपीडिया सुरू केला होता. त्यात तज्ज्ञांनी लिहायचं आणि लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून जायचा. पहिल्या वर्षात लेख झाले २१. मग १५ जानेवारी २००१ ला बाजूचा प्रयोग म्हणून विकिपीडिया आला. इथे कोणीही यावं, कोणीही लिहावं. वर्षभरात सुमारे १८,००० लेख! सुरुवातीच्या नियमांपैकी एक तर असा होता की नियम आड येत असतील तर ते बाजूला ठेवा.

पण दार सताड उघडं ठेवलं की सगळेच आत येतात. भौतिकशास्त्राच्या लेखांत लोक स्वतःचे अफाट सिद्धांत घालू लागले. आइन्स्टाइन कसा चुकला हे सिद्ध करणारा माणूस चर्चेत दमत नाही, आणि समोरचा संपादक भौतिकशास्त्रज्ञ असेलच असं नाही. २००३ मध्ये यावर तोडगा निघाला. सिद्धांत खरा की खोटा हे आपण ठरवायचंच नाही. तो प्रतिष्ठित ठिकाणी छापून आलाय का, एवढंच बघायचं. 'मूळ संशोधन नको' हा नियम इथून आला.

२००५ मध्ये दुसरा धक्का बसला. जॉन सिगेनथेलर या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कोणीतरी निनावी माणसाने त्यांचं नाव केनेडी बंधूंच्या हत्यांशी जोडलं, आणि ते चार महिन्यांहून जास्त काळ तसंच राहिलं. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर खातं नसलेल्यांना नवे लेख सुरू करणं बंद झालं आणि हयात व्यक्तींबद्दलचे नियम कडक झाले.

म्हणजे मेसर-क्रूझला अडवणारा नियम इतिहासकारांसाठी केलेला नव्हता. पण पडद्यामागून सिद्धांतवाला आणि इतिहासकार सारखेच दिसतात. दोघंही म्हणतात, "सगळे चुकलेत, मी मूळ कागद पाहिलाय."

आपल्याकडचं उदाहरण घ्या. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश २३ खंडांचा, आणि त्यातले पहिले पाच खंड नुसते प्रस्तावनेचे. त्यांत केतकर स्वतःची मतं ठामपणे मांडतात. ते चालतं, कारण मुखपृष्ठावर संपादकाचं नाव आहे. पटलं नाही तर वाद कोणाशी घालायचा हे वाचकाला माहीत आहे. विकिपीडियाच्या पानावर ते नाव नाही. लिहिणारा टोपणनावाने लिहितो, उद्या तो नसेलही. म्हणून तिथे लिहिणाऱ्याच्या अधिकाराऐवजी प्रत्येक वाक्याखालचा संदर्भ बघतात. याच साच्यातला मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, आणि योगायोग बघा, त्याची सुरुवातही १ मेचीच.

तरीही किंमत आहेच

आता उलट बाजू. नियम शहाणा असला तरी तो फुकट मिळत नाही. मेसर-क्रूझने म्हटल्याप्रमाणे हेमार्केटवरच्या साहित्याच्या सूचीत १,५३० नोंदी होत्या. बहुमत भक्कम दिसतं! पण त्यातल्या किती जणांनी कोर्टाचं कामकाज उघडून पाहिलं होतं आणि किती जणांनी आधीच्या पुस्तकातलं वाक्य उचललं होतं? नियम पुस्तकं मोजतो. ती एकमेकांवरून उतरवलेली आहेत का, हे नियमाला कळत नाही. ते कळायला संशोधक लागतो.

माझ्या ज्युनियरच्या गावाचंही हेच. गॅझेटियरमधलं साल शाळेच्या स्मरणिकेत आलं, तिथून पेपरच्या पुरवणीत, तिथून ज्ञानकोशात. चार संदर्भ दिसतात, पण मूळ एकच.

आणि तुम्ही म्हणाल की मग मेसर-क्रूझच बरोबर होता. तर तेही इतकं सरळ नाही. कामगार इतिहासाच्या इतर अभ्यासकांनी त्याच्या निष्कर्षांवर जोरदार आक्षेप घेतले. काही महत्त्वाचे साक्षीदार पोलिसांच्या बाजूला वळलेले होते, त्यांच्या साक्षीला किती वजन द्यायचं? इथे तीन वेगळी विधानं आहेत: पुरावा मांडला गेला, पुरावा विश्वासार्ह होता, आणि खटला न्याय्य होता. पहिलं मान्य केलं म्हणून पुढची दोन आपोआप मान्य होत नाहीत. आल्टगेल्ड यांचा रोख तिसऱ्यावरही होता. वादात ही तिन्ही सतत एकमेकांत मिसळली गेली. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असं मिसळलं तर गाईड लाल पेन काढतील, आणि बरोबरच करतील.

पुढे विकिपीडियावरच्या त्या लेखात बदल झाले. आज त्यात मेसर-क्रूझचं काम आणि त्याचं मत नोंदवलेलं आहे. पण त्यासाठी निबंध, पुस्तक आणि जाहीर वाद, एवढं सगळं व्हावं लागलं.

मग तू काय करायचं?

ज्युनियरला मी विचारलं, कागदावर तारीख कशी आहे? म्हणाली, शुहूर सनात. म्हणजे सलास, अर्बा, खमस अशा अरबी आकड्यांत. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून तिने इसवी सन काढलंय. कागदातलं गाव तिचंच, की त्याच नावाचं दुसऱ्या परगण्यातलं? ते तिने जकातीच्या नोंदीतल्या शेजारच्या गावांवरून ठरवलंय.

"हे तू मला दोन मिनिटांत सांगितलंस," मी म्हटलं, "पण त्या संपादकाला हे कुठे दिसलं? त्याला मोडी येत नसेल. त्याने तुझ्या शब्दावर का विश्वास ठेवावा?"

ती गप्प बसली.

ती वाचन, सन आणि गावाची ओळख हे सगळं क्रमाने मांडते, दुसरा जाणकार ते तपासतो आणि मग छापून येतं, यालाच आपण संशोधन म्हणतो. ज्ञानकोश हे काम करायला नकार देतो, कारण ते त्याचं कामच नाही. ते आपलं आहे.

नवीन संपादक म्हणून काही साध्या गोष्टी मात्र लगेच करता येतात. आधी लेखाचा 'इतिहास' आणि 'चर्चा' ही पानं वाचा, कोणत्या वाक्यावरून आधी भांडणं झालीत ते कळतं. हात बसेपर्यंत धूळपाटीवर सराव करा. मराठी विकिपीडियाने सरावाच्या पानाला फार गोड नाव दिलंय. उलटवलेलं संपादन पुन्हा पुन्हा घालू नका, चर्चा पानावर विचारा. इंग्रजीत तर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली तर बंदी येऊ शकते. स्वतःच्या लेखाचा संदर्भ देत असाल तर तो स्वतःचा आहे हे सांगा. आणि ज्ञानकोश वाचताना वाक्यापेक्षा तळटीप आधी बघा. चार तळटिपा एकाच पुस्तकाकडे जात असतील, तर तुमचा विषय कदाचित तिथेच आहे.

ज्युनियरने संध्याकाळी त्या गावाच्या चर्चा पानावर दोन ओळी लिहिल्या, की गॅझेटियरमधल्या सालाला बाकीच्या संदर्भांपैकी कोणाचाही स्वतंत्र आधार दिसत नाही, कोणाला माहीत असल्यास सांगावं. अजून उत्तर आलेलं नाही. लेखात साल जुनंच आहे. ती मात्र परवा पुन्हा पुराभिलेखागारात गेली होती, शेजारच्या गावांचे जकातीचे कागद मागवायला.