रस्ता आणि मार्ग : खानदेशच्या नकाशाचा एक धडा

रस्ता आणि मार्ग हे दोन शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों. परंतु ज्यास नकाशा काढावयाचा आहे, त्यास हा ढिलेपणा परवडत नाहीं. रस्ता हा माती, खडी व डांबर यांचा असतो. मार्ग म्हणजे त्यावर माणसांनीं ठेवलेलें नांव व क्रमांक. रस्ता जागच्या जागीं राहतो आणि मार्ग त्यावरून उठून दुसरीकडे जातो. ह्याचें उत्तम उदाहरण आपल्या खानदेशांतच आहे.

१८१८ मध्यें खानदेश इंग्रजांकडे गेला आणि पुढील वर्षीं कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनीं धुळें हें मुख्य ठाणें केलें. त्या वेळीं गांवांत ४०१ घरें व २,५०९ माणसें होतीं. मुंबई-आग्रा रस्त्यावर हें गांव वाढलें. आजहि धुळ्याच्या बाजारपेठेंतील रस्त्यास लोक आग्रा रोड म्हणतात. आग्र्याकडे जाणारीं वाहनें मात्र गांवाबाहेरून जातात. नांव मागें राहिलें, मार्ग बाजूस सरकला.

१९५६ च्या कायद्यानें राष्ट्रीय महामार्ग ठरले. मुंबई-आग्रा हा ३ आणि कलकत्त्याकडील ६, हे दोन्ही धुळ्यावरून जात. पुढें सोलापूरकडील २११ हि तेथेंच येऊन मिळाला. २०१० मध्यें सरकारनें सारे क्रमांक नव्यानें लाविले. उत्तर-दक्षिण मार्गांस सम क्रमांक, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम मार्गांस विषम क्रमांक, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे, असा नियम ठरला. परिणाम मोठा मौजेचा झाला. जुना ३ हा धुळ्यासच दुभंगला : इंदूरकडील भाग ५२ झाला, नाशिककडील ६० झाला. उलट चाळीसगांवावरून सोलापूरकडे जाणारा २११ त्याच ५२ मध्यें विलीन झाला. पारोळा, एरंडोल, जळगांव व भुसावळ यांस जोडणारा ६ हा ५३ झाला आणि त्याचें पूर्वेकडील टोंक कलकत्ता सोडून ओडिशांतील पारादीप बंदरास गेलें. हें सर्व घडतांना रस्त्याचा एक दगडहि हलला नाहीं!

आतां नकाशाकडे वळूं. २००४ मध्यें इंग्लंडांत स्टीव्ह कोस्ट यांनीं ओपनस्ट्रीटमॅप हा संगणकावरील सार्वजनिक नकाशा आरंभिला. त्यांत कोणीहि आपल्या गांवची वाट, विहीर वा देऊळ नोंदवावें व दुसऱ्याची चूक दुरुस्त करावी. त्याची रचना साधी आहे. आधीं बिंदु, बिंदु जोडले कीं रेषा, रेषा म्हणजे रस्त्याचा तुकडा. पूल आला कीं पुलापुरता तुकडा निराळा. म्हणून धुळें ते जळगांव हा आपणांस एक रस्ता दिसतो, पण नकाशांत ती अनेक तुकड्यांची माळ असते.

प्रत्येक तुकड्यावर क्रमांक लिहिला कीं झालें, असें प्रथम वाटतें. परंतु हाच रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, आशियाई महामार्ग ४६ आहे, आणि एस्. टी. च्या कित्येक गाड्यांची वाटहि आहे. एका पाटीवर किती नांवें लिहावीं? म्हणून २००७ मध्यें ‘रिलेशन’ हा तिसरा प्रकार आला. त्यास आपण संबंध म्हणूं. संबंध स्वतः रेषा काढीत नाहीं; अमुक तुकडे मिळून अमुक मार्ग होतो, एवढी यादी तो ठेवितो. शाळेंत एकाच मुलाचें नांव वर्गाच्या हजेरीपटावर, खेळाच्या संघांत आणि शिष्यवृत्तीच्या यादींत असतें, तसेंच हें आहे. संघांतून नांव काढलें म्हणून मुलगा शाळेंतून जात नाहीं. जळगांवास वळसा घालणाऱ्या नव्या रस्त्यावर महामार्ग नेला, तर यादींतील तुकडे बदलावे. शहरांतील जुना रस्ता पुसूं नये.

ह्या पद्धतींत एक धोका आहे. एखाद्या उत्साही गृहस्थानें एरंडोलजवळचा तुकडा पुसून नवा काढला व तो यादींत घालण्याचें विसरला, तर प्रत्यक्षांत रस्ता अखंड असूनहि संगणकास मार्ग तेथें तुटलेला दिसतो. दुभाजक असलेल्या महामार्गाच्या जाण्याच्या व येण्याच्या रेषा वेगळ्या असतात. त्यांची दिशाहि नीट सांगावी लागते. सर्वांच्या हातच्या कामांत सर्वांनाच जपून वागावें लागतें.

इतिहासाच्या दृष्टीनें मला आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. ह्या नकाशांत जुना क्रमांक वेगळ्या रकान्यांत जपतां येतो, आणि प्रत्येक फेरफार कोणीं व केव्हां केला ह्याची नोंद राहते. ज्या धुळ्यांत १९२६ मध्यें इतिहासाचार्य राजवाडे यांनीं देह ठेविला, तेथें जुन्या कागदाचें मोल निराळें सांगावयास नको. नवें लिहितांना जुनें खोडून टाकणें हा इतिहासाचा अपराध होय. ‘सहा नंबरचा हायवे’ म्हणणारा मनुष्य चुकत नाहीं. तो एका जुन्या यादीचें नांव सांगत असतो.

श्रोतेहो, जो रस्ता आपण रोज तुडवितों त्याची माहिती आपणांसच अधिक असते. ती दूर बसलेल्या परक्यानें अंदाजानें लिहावी आणि आपण स्वस्थ राहावें, हें बरें नव्हे. आपल्या गांवच्या रस्त्याचें नांव काय, तेथून कोणता मार्ग जातो आणि पूर्वीं कोणता जात असे, एवढें जरी प्रत्येकानें नोंदविलें, तरी पुढच्या पिढीस खानदेशचा खरा नकाशा मिळेल.