रूपसिंगच्या मैदानात

24 फेब्रुवारी 2010, बुधवार. तुम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजात, एका टीव्हीच्या दुकानाबाहेर टाचा उंचावून उभे आहात. आत काय चाललंय ते गर्दीच्या आवाजावरूनच कळतं. शेजारचे आजोबा आपल्या ग्वाल्हेरी मराठीत सांगतात, "अरे बाबा, सचिनचे शंभर होऊन गेले नं!" नव्वद चेंडूंत. खिशात तिकीट आहे आणि तुम्ही अजून इथंच! पकडा टेम्पो.

फाटकावर नाव आहे कॅप्टन रूपसिंग स्टेडियम. मूळचं हॉकीचं मैदान. ग्वाल्हेरनं नाव हॉकीवाल्याचं ठेवलं आणि जागा क्रिकेटला दिली, यात गौरव किती आणि सोय किती हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण नाव वाचलंतच, तर आत जाण्याआधी 1932 च्या ऑगस्टमध्ये डोकावून या.

लॉस एंजेलिस. ऑलिंपिकच्या हॉकीत संघ तीनच: भारत, जपान, अमेरिका. डावीकडून आत घुसणारा तो तेवीस वर्षांचा तरुण म्हणजे रूपसिंग, ध्यानचंदचा धाकटा भाऊ. धड कपडे नाहीत म्हणून हा यायलाच तयार नव्हता. दादानं पदरच्या पैशांतून सूट शिवून दिला. आता त्याच्याकडे नीट बघा. जपानला अकरा गोल घालून झालेत, अमेरिकेची केव्हाच दाणादाण उडालीय. सामना संपल्यातच जमा आहे. तरी चेंडू सुटला की हा पहिल्या गोलइतक्याच भुकेनं धावतो. शेवटी 24-1. दादाचे आठ, याचे दहा. हरलेल्या संघाला असं झोडपणं काहींना निर्दय वाटेल. मला वाटतं, त्याला फलक दिसतच नसावा. दिसत होती ती फक्त पुढची फट. पुढं हाच माणूस शिंद्यांच्या फौजेत कॅप्टन झाला, ग्वाल्हेरचा झाला आणि 1977 साली इथंच गेला.

चला, आत. दिवे लागलेत. दीडशे पार झालेत, 118 चेंडूंत. समोर दक्षिण आफ्रिकेचा डेल स्टेन; आज त्याच्या दहा षटकांत 89 धावा जाणार आहेत आणि बळी एकही नाही. ऑफस्टंपच्या बाहेरचा चेंडू सचिन सरकत जाऊन मिडविकेटला ढकलतो. सदतिसाव्याकडे झुकलेला माणूस, पायांत गोळे आलेत, आणि रनर मागत नाही. वर्षभरात दोनदा तो इथवर येऊन अडकलाय: क्राइस्टचर्चला 163 वर पोटाचा स्नायू दुखावून परतला, हैदराबादला ऑस्ट्रेलियाविरुद्ध 175 केले आणि सामना तीन धावांनी गेला. बहुधा म्हणूनच आज घाई नाही. चौकार मारतो तसाच एक धावही मन लावून पळतो.

194 चा विक्रम ओलांडतो. सईद अन्वर आणि चार्ल्स कोव्हेंट्री मागं पडले. आता खरी गंमत. समोर धोनी सुटलाय, 35 चेंडूंत 68 करणार आहे, आणि सचिनला स्ट्राइकच मिळेना. धोनीनं चेंडू सीमेपार धाडला की तुमच्या बाजूची बाई चक्क कपाळाला हात लावते! स्टेडियममध्ये चिडला नसेल असा एकच माणूस, पलीकडच्या टोकाला बॅटवर रेलून उभा असलेला. खुणावत नाही, बोलावत नाही. भागीदाराला त्याचा खेळ खेळू देतो. 199 वर थांबलेल्या माणसाची ही शांतता मला त्याच्या पंचवीस चौकारांपेक्षा अवघड वाटते.

शेवटचं षटक, लँगेवेल्ट. धोनीचा षटकार, मग एक धाव. तिसरा चेंडू पॉइंटकडे ढकलून सचिन धावतो. 147 चेंडू, 200. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतलं पहिलं द्विशतक. बायकांत बेलिंडा क्लार्कनं ते 1997 मध्येच मुंबईत केलं होतं, हे आज कुणाच्या गावीही नाही. हेल्मेट काढतो, वर बघतो. तुमचा घसा बसलाय.

भारत 3 बाद 401. लोक आता घरी निघतील, पण तुम्ही बसा. दक्षिण आफ्रिका कोसळतेय, ती 248 वर संपणार हे उघड आहे. एका टोकाला मात्र ए. बी. डिव्हिलियर्स आहे, काही उपयोग नसताना प्रत्येक चेंडूला पाय नीट हलवतोय, दोन होतील तिथं दोन पळतोय. नाबाद 114.