शिलावासी शैवाकांचे जातिवर्णन
खडकांवर वाढणाऱ्या शैवाकांच्या (धोंडफुलांच्या) नव्या जाती ओळखून त्यांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धती. कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये सर्व शैवाके ‘लायकेन’ या एकाच प्रजातीत घातली. काळ्या कडांमुळे नकाशासारखे दिसणारे पिवळट हिरवे शैवाक त्यांतीलच असून १८०५ पासून ते रायझोकार्पॉन जिऑग्राफिकम या नावाने ओळखले जाते. एरिक आखारीअस यांनी बाह्यरचनेवर आधारित वर्गीकरणाचा पाया घातला. व्हिल्हेल्म नीलांडर यांनी १८६६ मध्ये रासायनिक कसोट्या आणल्या. शैवाक म्हणजे कवक व शैवल यांचे सहजीवन होय, हे झीमोन श्वेंडेनर यांनी त्यानंतर लवकरच मांडले. नीलांडर यांनी त्यास कडाडून विरोध केला; तथापि ते मत पुढे मान्य झाले. तेव्हा नाव नेमके कोणाचे, हा प्रश्न उद्भवला. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ते केवळ कवकाचे मानतात. लॅटिन वर्णनाची सक्ती २०१२ पासून उठली. २०१३ पासून नव्या नावाची नोंदणी आवश्यक झाली. कवचरूपी शैवाक खडकापासून सुटत नसल्याने छिन्नीने काढलेली दगडाची कपचीच प्रारूप नमुना म्हणून जतन करतात. वर्णनाविषयी मतभेद झाल्यास याच नमुन्यावरून नावाचा निर्णय होतो.